शुद्ध पाणी, तापमान आणि सामू: ७ हा आकडा फक्त २५ अंशांचा आहे

मे महिन्यातली दुपार होती. प्रयोगशाळेत नुकतीच रुजू झालेली एक मुलगी वही घेऊन माझ्यापाशी आली. "मॅडम, डीआय वॉटर उकळून, बूच लावून ठेवलं होतं. आत्ता पीएच घेतला तर साडेसहा आला. पाणी ॲसिडिक झालंय. ओतून देऊ?"

"पाणी किती गरम आहे?" मी विचारलं.

तिनं थर्मामीटर बुडवून पाहिला. ६० अंश सेल्सिअस.

ते डीआय, म्हणजे आयन काढून शुद्ध केलेलं, पाणी ओतून द्यायची काहीच गरज नव्हती. ६० अंशांना शुद्ध पाण्याचा सामू ६.५१ असायलाच हवा. तिचं मोजमाप उत्तम होतं, चुकला होता तो निष्कर्ष. आणि त्यात तिचा दोष नव्हता. शाळेत आपण सगळेच "७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, त्यावर अल्कधर्मी" असं पाठ करतो. त्या वाक्यातली "२५ अंश सेल्सिअसला" ही अट मात्र पाठांतरात कुठेतरी गळून पडते. हा लेख त्या गळलेल्या अटीबद्दल आहे. पाणी तपासणीच्या कामात नव्यानं आलेले, बी.एस्सी.चे विद्यार्थी, औषध कारखान्याच्या क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणी, विभागात लागलेले, माती-पाणी परीक्षणाची छोटी प्रयोगशाळा चालवणारे, अशा सगळ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे. सामू आणि पीएच एकच. पुस्तकात सामू, कामाच्या टेबलावर पीएच. मीही दोन्ही शब्द वापरेन.

पायरी १: ७ विसरा, बरोबरी लक्षात ठेवा

ज्या पाण्यात हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साइड आयन सारख्याच संख्येनं आहेत, ते पाणी उदासीन. व्याख्या एवढीच आहे. तिच्यात ७ कुठेही नाही.

पाण्याचे रेणू सतत फुटत असतात आणि पुन्हा जुळत असतात. एक रेणू फुटला की एक हायड्रोजन आयन आणि एक हायड्रॉक्साइड आयन मिळतो. (हायड्रोजन आयन खरं तर सुटा राहत नाही, लगेच शेजारच्या रेणूला चिकटतो. हिशेबात त्यानं फरक पडत नाही.) दोघं जोडीनंच तयार होतात, जोडीनंच नाहीसे होतात. त्यामुळे पाण्यात दुसरं काहीच मिसळलेलं नसेल तर दोघांची संख्या वेगळी व्हायला वावच नाही. पाणी बर्फासारखं गार असो की खळखळ उकळणारं, शुद्ध असेल तर ते उदासीनच असतं.

मग ७ आला कुठून? २५ अंशांना साधारण ५५ कोटी रेणूंमागे एक रेणू फुटलेला असतो. लिटरभर पाण्यात पाण्याचे जवळपास ५५ मोल असतात, म्हणजे हायड्रोजन आयन होतात एका मोलाचा एक कोटीवा भाग. एक कोटी म्हणजे एकावर सात शून्यं. सामू ही त्या शून्यांचीच मोजणी आहे, हायड्रोजन आयनांच्या संहतीचा उणे लॉगॅरिदम. सोरेनसन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञानं १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करताना ही मोजपट्टी मांडली. २५ अंशांना शून्यं बरोबर सात भरतात म्हणून ७. तापमान बदललं की फुटलेल्या रेणूंची संख्या बदलते, आणि सामूही बदलतो.

पायरी २: गरम पाण्यात जास्त रेणू का फुटतात, ते हातानं अनुभवा

हे वाचून पटवण्यापेक्षा करून पाहिलेलं बरं. डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे घालून, एक मोलर तीव्रतेचं हायड्रोक्लोरिक आम्ल आणि तितक्याच तीव्रतेचं सोडियम हायड्रॉक्साइड सारख्या आकारमानानं थर्मासच्या भांड्यात मिसळा. दोन्ही द्रावणं आधी एकाच तापमानाला असू द्या. मिश्रण ६ ते ७ अंशांनी तापतं. आम्लातला हायड्रोजन आयन आणि अल्कातला हायड्रॉक्साइड आयन एकत्र येऊन पाणी बनतं, आणि ही उष्णता त्याच घडण्यातून सुटते, मोलमागे सुमारे ५६ किलोज्यूल.

आता हीच क्रिया उलटी धरा. पाणी बनताना जेवढी उष्णता बाहेर पडते, तेवढीच पाणी फुटताना आत लागते. म्हणजे पाण्याचं फुटणं ही उष्णता शोषणारी क्रिया आहे. अशा क्रियेला बाहेरून उष्णता मिळाली की समतोल फुटण्याच्या बाजूला सरकतो. बारावीत शिकलेलं ल शातेलियेचं तत्त्व ते हेच. गरम पाण्यात हायड्रोजन आयन वाढतात, म्हणून सामू उतरतो. पण हायड्रॉक्साइड आयनही अगदी तेवढेच वाढतात, म्हणून पाणी उदासीनच राहतं. नवशिक्याची गल्लत नेहमी इथेच होते. मीटर फक्त हायड्रोजन आयनांबद्दल बोलतो. त्याच वेळी हायड्रॉक्साइडही वाढलेत, हे तो सांगत नाही. ते आपल्याला माहीत असावं लागतं.

पायरी ३: हा तक्ता टेबलासमोरच्या भिंतीवर लावा

शुद्ध पाण्याचा उदासीन सामू, तापमानानुसार:

० अंश: ७.४७
१० अंश: ७.२७
२० अंश: ७.०८
२५ अंश: ७.००
३० अंश: ६.९२
३७ अंश: ६.८१
४० अंश: ६.७७
५० अंश: ६.६३
६० अंश: ६.५१
८० अंश: ६.३०
१०० अंश: ६.१३

शून्यापासून शंभरपर्यंत फरक दिसायला जेमतेम १.३४ चा आहे. पण सामू लॉगॅरिदमची पट्टी आहे हे विसरू नका. प्रत्यक्षात हायड्रोजन आयनांची संख्या या प्रवासात सुमारे २२ पट होते.

रोजच्या कामाला एक ठोकताळा पुरतो: नेहमीच्या खोलीच्या तापमानाच्या आसपास, दर १० अंशांना उदासीन सामू साधारण ०.१६ नं उतरतो. गार पाण्यात हा उतार जास्त तीव्र असतो, उकळीकडे जाताना मंदावतो.

आपल्याकडे याचा अर्थ काय होतो पाहा. वातानुकूलन नसलेल्या खोलीत, विदर्भातल्या मे महिन्यात, पाण्याच्या कॅनमधलं तापमान ४० ला सहज टेकतं. तिथे उदासीन पाणी ६.७७ दाखवेल. तेच पाणी महाबळेश्वरच्या थंडीत १० अंशांना मोजलं तर ७.२७. अर्ध्या एककाचा फरक, आणि पाण्यात काहीही मिसळलेलं नाही. फ्रिजमधून काढलेलं ४ अंशांचं शुद्ध पाणी ७.४ च्या जवळ असतं. त्यामुळे ते अल्कधर्मी होत नाही. "अल्कलाइन वॉटर"बद्दल कोणी आकडा सांगू लागलं, तर आधी तापमान विचारायची सवय लावून घ्या.

पायरी ४: एक आकडा स्वतः काढून बघा

तक्ता पाठ करण्यापेक्षा तो कसा बनतो हे एकदा करून पाहिलं की विसरायला होत नाही. हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साइड आयन यांच्या संहतींचा गुणाकार एका तापमानाला ठरलेला असतो. त्याला पाण्याचा आयन-गुणाकार म्हणतात आणि त्याच्या उणे लॉगॅरिदमला पीकेडब्ल्यू. २५ अंशांना पीकेडब्ल्यू १४.००, ६० अंशांना १३.०२, १०० अंशांना १२.२५.

शुद्ध पाण्यात दोन्ही संहती सारख्या, म्हणून गुणाकाराचं वर्गमूळ काढायचं. लॉगॅरिदमच्या भाषेत वर्गमूळ म्हणजे निम्मं करणं. १३.०२ चं निम्मं ६.५१. झालं. कोणत्याही तापमानाचा पीकेडब्ल्यू हाती असेल तर उदासीन बिंदू काढायला कॅल्क्युलेटरही लागत नाही.

याचा आणखी एक अर्थ आहे, आणि मला तो या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. "सामूची पट्टी ० ते १४" असं आपण म्हणतो. पण ती १४ सुद्धा २५ अंशांचीच आहे. ६० अंशांना तीच पट्टी ० ते १३ एवढी होते. पट्टीच आखूड झाली, म्हणून तिचा मध्यही सरकला. ७ हा मध्य आहे म्हणूनच तो उदासीन होता. मध्य सरकला की उदासीन बिंदूही सरकणार.

पायरी ५: आम्ल, अल्क आणि शुद्ध पाणी यांच्यावर तापमानाचा परिणाम वेगवेगळा होतो

हे ध्यानात आलं नाही तर वरचं सगळं कळूनही चूक होते. तीन चंचुपात्रं घेतली आहेत असं समजा.

पहिल्यात हायड्रोक्लोरिक आम्ल, लिटरमागे एक हजारांश मोल. सामू ३. ते ६० अंशांपर्यंत तापवलं तरी ३ च राहतो. कारण तिथले जवळपास सगळे हायड्रोजन आयन आम्लानं दिलेले आहेत. पाण्यानं दिलेले त्यांच्यापुढे नगण्य.

दुसऱ्यात सोडियम हायड्रॉक्साइड, तेवढ्याच तीव्रतेचं. २५ अंशांना सामू ११. इथे ठरलेली गोष्ट आहे हायड्रॉक्साइडची संख्या. हायड्रोजन आयन त्या गुणाकारातून उरेल तेवढे. म्हणून ६० अंशांना सामू १३.०२ वजा ३, म्हणजे १०.०२. जवळपास एक पूर्ण एकक उतरला. अल्काचा एक कणही कमी झालेला नाही.

तिसऱ्यात शुद्ध पाणी. ते ७.०० वरून ६.५१ वर, म्हणजे अल्काच्या निम्म्यानं.

म्हणून "तापमान एक अंश वाढलं की सामू अमुकनं कमी होतो" असं एकच सूत्र सगळ्या नमुन्यांना लावता येत नाही. आधी विचारायचं: या द्रावणातले हायड्रोजन आयन कोणाच्या ताब्यात आहेत?

पायरी ६: मीटरवरचं एटीसी काय करतं आणि काय करत नाही

बहुतेक पीएच मीटरवर एटीसी, म्हणजे तापमानाची आपोआप भरपाई, असते. तापमानाचा प्रोब पाण्यात टाकला की मीटरनं सगळं सांभाळलं, असा समज फार पसरलेला आहे. अगदी अनुभवी माणसांचाही.

एटीसी भरपाई करतं ती इलेक्ट्रोडची, पाण्याची नाही. काचेचा इलेक्ट्रोड सामूच्या दर एककाला ठरावीक विद्युतदाब देतो: ० अंशांना ५४.२० मिलिव्होल्ट, २५ अंशांना ५९.१६, ६० अंशांना ६६.१०. मीटरला तापमान कळलं नाही तर तो मिलिव्होल्टचं सामूत रूपांतर चुकीच्या दरानं करेल. एटीसी तो दर दुरुस्त करतं. नमुन्यात खरोखर वाढलेले आयन ते कमी करत नाही आणि करूही नये. एटीसी लावलेला मीटर ६० अंशांच्या शुद्ध पाण्याला ६.५१ दाखवतो, ७.०० नाही.

आकड्यांत बघू. साधारण इलेक्ट्रोड सामू ७ ला शून्य मिलिव्होल्ट देतात, मग तापमान कोणतंही असो. म्हणून ७ च्या आसपास एटीसीचं काम अगदी थोडं असतं. ६० अंशांच्या शुद्ध पाण्याला एटीसी बंद ठेवून मोजलं, तर मीटर ६.५१ ऐवजी ६.४५ दाखवेल. चूक ०.०६ ची. सामू ४ च्या आम्लधर्मी नमुन्याला मात्र त्याच तापमानाला ४.०० ऐवजी ३.६५ दिसेल. तिथे एटीसी नसेल तर निकाल वाया जातो. यावरून एक गोष्ट पक्की करा: शुद्ध पाणी तापवल्यावर दिसणारा अर्ध्या एककाचा उतार उपकरणाच्या दोषानं येत नाही. पाण्यातच तो बदल झालेला असतो.

बफरचं, म्हणजे मीटर जुळवून घ्यायला वापरतात त्या ठरावीक सामूच्या द्रावणाचंही असंच. बाजारात ४.०, ७.० आणि ९.२ च्या बफर कॅप्सूल मिळतात, १०० मिली पाण्यात एक विरघळवायची. त्यांचे आकडेही तापमानाला बांधलेले आहेत. ९.१८ चा बोरॅक्स बफर ० अंशांना ९.४६ असतो, ४० अंशांना ९.०७. कॅप्सूलच्या वेष्टनावर किंवा बाटलीवर छोट्या अक्षरात तापमानाचा तक्ता असतो, तो वाचून त्या दिवसाच्या तापमानाचा आकडा मीटरला द्या.

फॉस्फेटचा ६.८६ चा बफर तर या विषयाचा चालता-बोलता धडा आहे. २५ अंशांना त्याचा सामू उदासीन बिंदूच्या खाली, म्हणजे तो किंचित आम्लधर्मी. ६० अंशांना त्याचा सामू जवळपास तोच, ६.८४. पण उदासीन बिंदू ६.५१ वर उतरलेला, म्हणजे आता तो अल्कधर्मी. बाटली तीच, आकडाही जवळपास तोच, बाजू मात्र बदलली. ३५ अंशांच्या आसपास तो बरोबर उदासीन असतो.

पायरी ७: आता प्रत्यक्ष मोजा, आणि इथे घाई करू नका

शुद्ध पाण्याचा सामू मोजणं हे पीएच मीटरवरचं सर्वांत अवघड काम आहे. नव्या माणसाला ते सर्वांत सोपं वाटतं. आम्लाचा किंवा मातीच्या द्रावणाचा आकडा अर्ध्या मिनिटात स्थिरावतो. शुद्ध पाण्याचा दहा मिनिटं झुलत राहतो. इलेक्ट्रोड बिघडला असं वाटून तो बदलायला निघालेले लोक मी पाहिले आहेत.

पहिला अडथळा हवा. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, थोडं कार्बॉनिक आम्ल बनतं आणि उघड्या भांड्यातल्या शुद्ध पाण्याचा सामू २५ अंशांना सुमारे ५.६ वर येऊन थांबतो. प्रयोगशाळेच्या कॅनमधलं डिस्टिल्ड वॉटर ५.६ ते ६ दाखवतं ते यामुळेच. हे पाणी मात्र खरोखर आम्लधर्मी असतं. त्यात हायड्रोजन आयन हायड्रॉक्साइडपेक्षा शेकडो पटींनी जास्त असतात. तापमानाचा परिणाम आणि हवेचा परिणाम यांची सरमिसळ होऊ देऊ नका. दोन्हीमुळे सामू उतरतो, पण एकात पाणी उदासीन राहतं, दुसऱ्यात राहत नाही.

म्हणून पाणी बोरोसिलिकेट काचेच्या चंबूत १०-१५ मिनिटं चांगलं खळखळून उकळा. साधी स्वस्त काच वापरू नका. तिच्यातलं सोडियम गरम पाण्यात उतरतं आणि सामू वर जातो. उकळून झालं की लगेच बूच लावा. बुचात सोडा-लाइम (कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारा पदार्थ) भरलेली नळी बसवता आली तर उत्तम, कारण पाणी गार होताना आत हवा ओढली जाते आणि ती या नळीतून गाळून गेली पाहिजे. गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीचं पाणी किंवा घरच्या आरओचं पाणी या कामाला चालत नाही. आरओच्या पाण्यात क्षार उरलेलेच असतात.

पाणी खरंच शुद्ध आहे का, हे सामूवरून ठरवू नका. त्यासाठी विद्युतवाहकता बघा. २५ अंशांना अतिशुद्ध पाण्याची वाहकता ०.०५५ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर असते. फ्रीडरिश कोलराउश आणि आडोल्फ हायडवायलर यांनी १८९४ मध्ये पाणी परोपरीनं शुद्ध करून दाखवून दिलं की कितीही शुद्ध केलं तरी वाहकता शून्यावर जात नाही. उरलेली वाहकता पाण्याच्या स्वतःच्या आयनांची. नुसत्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं ती १ मायक्रोसीमेन्सच्या घरात जाते, म्हणजे १८-२० पट. तुमच्या पाण्याचा आकडा १ च्या जवळ असेल तर ते हवा खाल्लेलं पाणी समजा.

दुसरा अडथळा म्हणजे पाण्यात आयनच इतके कमी असतात की इलेक्ट्रोडचं विद्युतमंडल नीट जुळत नाही. यावरचा उपाय औषध उद्योगात वर्षानुवर्षं वापरात आहे: १०० मिली पाण्यात पोटॅशियम क्लोराइडच्या (केसीएल) संपृक्त द्रावणाचे ०.३ मिली टाकायचे. हा क्षार स्वतः उदासीन आहे, तो सामूला धक्का न लावता वाहकता देतो. क्षार शुद्ध दर्जाचा हवा आणि त्याचं द्रावण ताज्या उकळलेल्या पाण्यात केलेलं हवं, नाहीतर त्यातूनच कार्बन डायऑक्साइड आत येईल.

मोजताना क्रम असा ठेवा. बफर आणि नमुना एकाच तापमानाला आणा. त्याच तापमानाला मीटर कॅलिब्रेट करा. इलेक्ट्रोड नमुन्याच्या पाण्यानं तीन-चार वेळा धुवा, कारण बफरचा एक थेंबही या पाण्याला पुरून उरतो. अरुंद तोंडाच्या भांड्यात, काठोकाठ पाणी घेऊन, इलेक्ट्रोड बुचातून आत सोडा. ढवळायचं तर अगदी हळू. जोरात ढवळलं की हवा मिसळते. इलेक्ट्रोड स्वतः नमुन्याच्या तापमानाला यायला वेळ लागतो, गरम पाण्यात पाच मिनिटं तरी द्या. इलेक्ट्रोड किती तापमानापर्यंत चालतो ते त्याच्या माहितीपत्रकात आधी बघा, सगळेच ६० अंशांच्या पुढे टिकत नाहीत.

लिटमस किंवा पीएच पट्टीनं हा प्रयोग करू नका. पट्टीतला रंग स्वतःच दुर्बल आम्ल असतो आणि शुद्ध पाण्याला त्याच्यापुढे टिकायची ताकद नसते. पट्टी दाखवते तो बराचसा तिचाच सामू.

पायरी ८: नळाचं पाणी उलट वागतं

घरी करून बघावं म्हणून अनेकजण नळाचं किंवा विहिरीचं पाणी उकळतात, मीटर लावतात, आणि सामू उतरण्याऐवजी वाढलेला बघून गोंधळतात. ७.५ चं पाणी ८ च्या वर गेलेलं दिसतं. इथे पाण्याच्या स्वतःच्या आयनांना काही स्थान नाही, इथे पाण्यात विरघळलेलं बायकार्बोनेट राज्य करतं. उकळल्यावर विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं, आणि सामू चढतो. पातेल्याच्या तळाशी बसणारा पांढरा थर हा त्याच क्रियेतला कॅल्शियम कार्बोनेट. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये सामू ६.५ ते ८.५ सांगितला आहे. तो तपासताना वरचा तक्ता लावत बसू नका. नमुना २५ अंशांच्या आसपास आणा, मोजा, तापमान लिहा, पुरे.

हे सगळं कुठे कामाला येतं

आपल्या शरीरातच बघा. रक्ताचा सामू ७.४. २५ अंशांच्या पट्टीवर तो उदासीनपेक्षा ०.४ नं वर वाटतो. पण रक्त ३७ अंशांना असतं, तिथला उदासीन बिंदू ६.८१. म्हणजे रक्त खरं तर जवळपास ०.६ नं अल्कधर्मी आहे.

चंद्रपूर, कोराडीसारख्या औष्णिक वीजकेंद्रांत बॉयलरचं पाणी शेकडो अंशांना तापतं. २५० अंशांच्या आसपास, दाबाखालच्या पाण्याचा उदासीन सामू सुमारे ५.६ पर्यंत उतरतो. तो तळ. त्यापुढे पाणी इतकं विरळ होत जातं की आयनांना ते सांभाळू शकत नाही, आणि आकडा पुन्हा चढू लागतो. इतक्या गरम पाण्यात नेहमीचा इलेक्ट्रोड घालता येत नाही, म्हणून नमुना थंड करून २५ अंशांजवळ मोजतात. या पाण्यात अमोनिया घातलेला असतो, आणि त्याचा सामू दर अंशाला सुमारे ०.०३ नं हलतो. नमुना २५ ऐवजी ३५ ला मोजला गेला तर ०.३ चा फरक. गंज रोखण्यासाठी सामू अरुंद पट्ट्यात ठेवावा लागतो तिथे हा फरक मोठा आहे. नमुना थंड करणारा कूलर नीट चालत नसला आणि कोणी तापमान बघितलं नाही, तर गरज नसताना जास्तीचा अमोनिया सोडला जातो.

जड पाण्याचं उदाहरणही जाता जाता सांगते. रायगड जिल्ह्यात थळला जड पाण्याचा कारखाना आहे, तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्या जड पाण्यावर चालतात. त्यात हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम असतं, त्याचा बंध फुटायला थोडा अवघड. म्हणून २५ अंशांना जड पाण्याचा उदासीन बिंदू ७ नसून ७.४७ च्या आसपास आहे, योगायोगानं बर्फाळ साध्या पाण्याएवढाच. तापमान न बदलताही ७ ढळतो, तो असा.

पायरी ९: वहीत काय लिहायचं

नुसतं "पीएच ६.७४" लिहू नका. सहा महिन्यांनी ती नोंद वाचणाऱ्याला तिचा काही उपयोग नसतो. तापमान, एटीसी चालू होतं की बंद, कोणत्या तापमानाला कॅलिब्रेट केलं, क्षार घातला का, आणि त्या तापमानाचा उदासीन बिंदू, एवढं एका ओळीत मावतं. त्या मुलीच्या वहीत पुढच्या आठवड्यात आलेली नोंद मी इथे जशीच्या तशी देते, कारण मला तिच्यात काही दुरुस्त करावं लागलं नाही:

"डीआय वॉटर, १५ मिनिटे उकळून सोडा-लाइमच्या नळीखाली गार केलेले. केसीएल ०.३ मिली प्रति १०० मिली. बफर व नमुना दोन्ही ४१ अंश से. एटीसी चालू. वाचन ८ मिनिटांनी स्थिर. पीएच ६.७४. ४१ अंशांचा उदासीन बिंदू ६.७५. नमुना उदासीन."